नोकरी गेल्याचं आख्यान

मुरुडच्या धक्क्यावर बुधाजीने घंटा वाजवली की आगबोट सुटायची. एकदा अभंग गुणगुणता गुणगुणता त्याने घंटेवरच ठेका धरला. उतारू धक्क्यावर, आगबोट समुद्रात आणि बुधाजी घरी!

रामनवमीच्या कीर्तनात त्याने हेच आख्यान लावलं. अख्खं देऊळ पोट धरधरून हसलं. दर कीर्तनात घोरणारी येसूबाईसुद्धा जागी राहिली. बुधाजीचं लक्ष मात्र नव्या मालकाकडे, सुपारीवाल्या शेठकडे. ते आपल्याला कायम करतील ना, एवढीच त्याला धाकधूक.

आरतीनंतर पंच शेठना म्हणाले, "पुढल्या वर्षी नोकरी गेल्याचं नवं आख्यान पायजे. तेवढं तुमच्या हातात हाय!"



शेठनी भक्तिभावाने हात जोडले, "देवाच्या कामाला नाही कसं म्हणू? बुधाजी, उद्यापासून येऊ नको!"