हाताखालची जागा

"हात थोडा वर," अस्मिता म्हणाली.

तानाजीने हात वर केला. त्याच्या मागे पांढरी चादर टांगली होती आणि शेजारी कोणीच नव्हतं. त्या रिकाम्या जागेकडे बघून तो हसला. हात हळूहळू खाली आला आणि त्याच्या कमरेच्या जरा वर थांबला.

"परत खाली आला."

"काय करू ताई, आपोआप जातो."

आखातातल्या शहरात शुक्रवारी सुट्टी, म्हणून गाला नावाच्या भागातलं ते गॅरेज बंद होतं. तानाजी तिथला मेकॅनिक. अस्मिता त्याच शहरात, अझैबाला राहायची, पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी करायची आणि तिथल्या मराठी मंडळात हौसेने जुने चित्रपट दाखवायची. गेल्या महिन्यात तिने शंभर वर्षांपूर्वीचे छोटे मूकपट दाखवले होते. त्यांत कोटातला खराखुरा चित्रकार कागदावर बाहुला काढतो. बाहुला कागदावरून उतरून त्याच्या बाहीवर चढतो आणि त्याच्याशी भांडतो. कार्यक्रमानंतर खुर्च्या उचलताना तानाजीने विचारलं होतं, "माणूस आणि चित्र एकत्र आले कसे?"

माणसाचं चित्रीकरण आधी होतं, तिने सांगितलं. तो रिकाम्या जागेकडे बघून सगळं करतो. चित्र नंतर काढतात.

"म्हणजे दोघं एका ठिकाणी नसले तरी चालतं?"

"नसतातच."

मग त्याने रेवाचं सांगितलं. मुलगी संगमेश्वरजवळच्या गावात, नववीत. अलीकडे त्याचा फोन आला की आईच्या हातात देऊन निघून जायची. दिवसभर मोबाइलवर चित्रं काढायची. त्याने बायकोकरवी निरोप पाठवला: मी माझं शूटिंग पाठवतो, त्यात तू स्वतःला काढ. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच मुलीचं उत्तर आलं होतं. "पाठवा. बघते."

त्याच्या बायकोने, कलावतीने, रेवाला दाराच्या चौकटीशी उभं करून उंची मोजून कळवली होती. अस्मिताने तेवढ्याच उंचीला टायर एकावर एक रचले. ढीग तानाजीच्या खांद्याला लागला. त्याने सगळ्यात वरच्या टायरवर हात ठेवला.

"एवढी?"

"तुम्ही रोज व्हिडिओवर बघत होतात ना?"

"त्यात तोंड दिसतं हो. उंची कुठं दिसते?"

गॅरेजचा मालक यासिर, तानाजीचा 'अर्बाब', जुम्म्याची नमाज आटोपून अरबी कहव्याचा थर्मास घेऊन आला. टायरवर प्रेमाने हात ठेवून उभा असलेला तानाजी बघून तो दारातच थांबला.

"तानाजी, ये बेटी है? कौन सा साइझ?"

"हसो मत, अर्बाब. टेन्शन है मेरे को."

"यल्ला, हिरो को टेन्शन नहीं." त्याने स्वतःच दोन टायर बाजूला घरंगळवले.

टायर काढले, कॅमेरा सुरू झाला आणि हात पुन्हा खाली गेला. तानाजी सहा वर्षांपूर्वी शेवटचा गावाला गेला, तेव्हा रेवा तिसरीत होती. हात नेमका तिथेच जाऊन थांबत होता.

शेवटी अस्मिताने चादरीच्या कडेला, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी, लाल चिकटपट्टी लावली. तानाजी त्या पट्टीकडे बघत राहिला. हात खांद्याच्या उंचीवर राहिला. चित्रीकरण बिनचूक झालं.

तिने दोन्ही तुकडे त्याला लॅपटॉपवर दाखवले. बिनचूक तुकड्यात तो रेसिडेंट कार्डावरच्या फोटोसारखा उभा होता. चुकलेल्या तुकड्यात त्याची मान वाकली होती, डोळे बारीक झाले होते, आणि हवेत थांबलेली बोटं किंचित हलत होती, जणू खाली केस आहेत.

"चुकलेलाच पाठवा," तानाजी म्हणाला.

"त्यात उंची चुकली आहे. तिच्या लक्षात येईल."

"येईल." त्याने मानेवरचा घाम पुसला. "पण ह्यात निदान मी तिचा बाप वाटतो. दुसऱ्यात कोण तरी वॉचमन उभाय."

"रागावली तर?"

"आता नाय का रागावलेली?"

अस्मिताने चुकलेला तुकडा पाठवला. मग तिघांनी कहवा घेतला. यासिरने खजूर पुढे केले. तानाजीने एक उचलला, पण खाल्ला नाही. अस्मिता तारा गुंडाळत होती तेव्हा त्याचा फोन वाजला.

रेवाने एकच चौकट काढून पाठवली होती. सोबत शब्द नव्हता. तानाजी जसा होता तसाच होता, हात कमरेच्या जरा वर धरलेला. त्या हाताखाली, साध्या काळ्या रेषांत, दोन वेण्यांची एक उंच मुलगी होती. सरळ उभी राहिली असती तर त्याच्या खांद्याला लागली असती. पण तिने गुडघे दुमडले होते, पाठ वाकवली होती, आणि मान बरोबर एवढी खाली घेतली होती की तिचं डोकं त्याच्या तळहाताखाली बसावं.

यासिरने वाकून पाहिलं.

तानाजीने बोटांनी चित्र मोठं केलं. आधी चेहरा पाहिला, मग गुडघे.

"असं किती वेळ उभी राहणार ही?" तो म्हणाला. "पाय भरून येतील की."

त्याने फोन अस्मिताच्या हातात दिला आणि चादरीपुढे जाऊन उभा राहिला. अस्मिताने पुन्हा तारा सोडल्या.

"टायर लावू?"

"नको. तिला फक्त लिहा, ताई. सरळ उभी राहा म्हणावं." त्याने शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. "हात मी वर घेतो."