खिडकीतली सुभद्रा

सिनेमा माणसाला घडवतो, असं आमच्या नागपूरच्या फिल्म मंडळाचं ठाम मत होतं. एकाहत्तरच्या हिवाळ्यात दर रविवारी सकाळी सभासद परभाषी चित्रपटांसमोर डुलक्या घेत घडत होते.

जागा असे तो ऑपरेटर रामाजी. पोलिश चित्रपट संपल्यावर तो म्हणाला, "साहेब, खिडकीत उभी होती ते माही सुभद्रा होय. मले तिच्याशी एक डाव बोलाचं आहे."

त्याच्या बायकोला वारून दोन वर्षं झाली होती.

"चष्मा बदल, रामाजी," मी म्हणालो.

जपानी चित्रपटात ती पुलावर दिसली. मलाही.

हंगेरियन चित्रपटात ती पार पुढे आली आणि वर, मशीनच्या खोलीकडे बघत म्हणाली, "अजी, येता काय?"

नंतरच्या चर्चेत सभासदांनी ध्वनिमुद्रणाला नावं ठेवली.

पुढच्या रविवारी बंगाली चित्रपटात, घाटावर, सुभद्राशेजारी रामाजी उभा होता.

मशीनवर नवा ऑपरेटर होता. त्याचा फोकस बरा होता.