हसू नका, वकीलकाका!

पासपोर्टच्या फोटोत हसायचं नाही, म्हणून वकीलकाका मामाच्या स्टुडिओत अर्धा तास हनुवटी उचलून ढिम्म बसले होते. चारला त्यांचा ऑनलाइन अर्ज बंद होणार होता आणि मामाचा कॉम्प्युटर मात्र अपडेटनंतर ना कॅमेरा ओळखत होता, ना प्रिंटर. “सकाळपर्यंत तिघं गुण्यागोविंदाने नांदत होते!” वायरींवर फुंकर मारत मामा कुरकुरला. शाळेतून आलेल्या भाचीने दप्तर भिरकावलं. “सरक मामा! सिस्टिमचा कर्नल, म्हणजे गाभा, बदललाय. नव्याला यांची ओळख नाही. जुना अजून आत आहे.” कॉम्प्युटर पुन्हा सुरू करून तिने यादीतून जुना कर्नल निवडला. कॅमेऱ्याचा दिवा लागला! मामाने प्रिंटरचा मुकाच घेतला. ते पाहून वकीलकाका जे हसत सुटले, ते थांबेचनात. “काका, पाचच मिनिटं उरलीत,” भाची म्हणाली. काकांचा चेहरा खर्रकन उतरला. तिने फोटो टिपला.