मगरीच्या पोटातले आजोबा

"आठल्ये आजोबा, हलू नका! तुम्ही मगरीच्या पोटात आहात," सात वर्षांची रेवा ओरडली.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जुन्या गोधडीखाली, नामवंत बालसाहित्यिक आठल्ये गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. त्यांच्या नव्या कादंबरीचा नायक महिनाभर मगरीच्या पोटात अडकला होता, आणि 'आला का बाहेर?' म्हणून प्रकाशक रोज फोन करत होता. शेवटी आठल्येंनी पोरांपुढे हात जोडले, मलाही खेळायला घ्या. पोरांनी घेतलं, पण कच्चा लिंबू म्हणून.

"मी तलवारीने पोट फाडतो," आठल्ये आतून म्हणाले.

"तलवार कुठून आली? तुम्ही पोहायला गेला होतात ना? चड्डीवर!"

आठल्येंना आठवलं, नायकही चड्डीवरच होता.

"मग काय करू गं?"

"तुमची गोष्ट वाचून दाखवा मगरीला."

आठल्येंचा ऊर भरून आला. खिशातली पानं काढून मोबाइलच्या उजेडात ते खड्या आवाजात वाचू लागले. दुसऱ्याच परिच्छेदाला, मगरीचं तोंड झालेल्या चिमुकल्या ओवीने ही मोठी जांभई दिली.

"उघडलं तोंड! पळा, आजोबा!"

आठल्ये रांगत बाहेर पडले आणि पाठीवरच्या गोधडीसकट लिफ्टकडे धावत सुटले. धावता धावताच त्यांनी प्रकाशकाला फोन लावला. "सुटला हो! माझं लिखाणच कामी आलं!"

मागून रेवा किंचाळली, "ओ कच्चा लिंबू, आमची मगर कुठे घेऊन चाललात?"