दांड्यावरचा हात

आबाजींच्या तळहातावर काडेपेटीतल्या काडीचा नखाएवढा तुकडा होता. मन्सूरनं तो पाहिला आणि सायकल भिंतीला लावायचं विसरून तसाच उभा राहिला.

"हे तुजंच न्हवं?" आबाजींनी विचारलं.

खळ्यात आबाजींचा ट्रॅक्टर उभा होता, महायुद्धानंतरच्या लष्करी लिलावातला. मोठं डिझेल इंजिन, आणि ते फिरवायला त्याच्या कुशीला पेट्रोलचं एक लहान इंजिन. पिंपळे गुरवात त्याला पिल्लू म्हणत. पिल्लू महाखोडकर. दुसऱ्या कुणी दोरी ओढली की दोनदा फुरफुरायचं आणि गप्प व्हायचं. मग नदीपलीकडून, दापोडीहून, मन्सूर यायचा, टाकीचं झाकण फडक्यानं पुसायचा, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटायचा, की पिल्लू मुकाट सुरू. यंत्रालासुद्धा माणूस कळतो, असं आबाजी चाकणच्या बाजारात छाती फुगवून सांगत. झाकणाला हवेचं एक बारीक भोक असतं, ते बुजलं की पेट्रोल खाली उतरत नाही, हे त्यांना काल रात्री कळलं होतं. मन्सूर रोज संध्याकाळी ते काडीनं बुजवून घरी जात होता.

"ईदच्या दिवशी तुला जेवत्या ताटावरनं उठवून आणला मी," आबाजी म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट बसला. "हात जोडले व्हते तुला. आन् तू मला येडा बनवत व्हतास?"

मन्सूरला उत्तर देता आलं असतं. आधीच्या मालकाच्या मेव्हण्याला त्यानं सगळं भोळेपणानं शिकवलं होतं, आणि आठव्या दिवशी मालकानं मन्सूरलाच घरी बसवलं होतं. पण ते आता कशाला सांगायचं? काडीची गोष्ट त्यानं या जगात एकाच माणसाला सांगितली होती, तीही हसत हसत, भाकरी खाताना. तो माणूस ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाआड उभा होता.

ज्योतीराम आबाजींचा जुना गडी. बैल विकले तेव्हापासून तो मन्सूरच्या हाताखाली होता. दोन वर्षं दोघांची न्याहारी एकाच फडक्यात होत होती.

"ज्योतीराम, तू सांगितलंस?"

"खोटं न्हाई सांगितलं, मन्सूरभाई."

"खोटं सांगितलं असतंस तर भांडलो असतो तुज्याशी."

ज्योतीराम पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला. "बैल गेल्यावर माज्या हाताला काय राह्यलं व्हतं? जलमभर तुमचा दांडाच धरू का?"

"बास झालं," आबाजी म्हणाले. "आजपासनं दोरी ज्योतीराम वडंल. मन्सूर, तू आजच्यापुरता दांडा धर. वाफसा निघून चाललाय, रान काय तुमच्यासाठी थांबत न्हाई. मग जा तुज्या दापोडीला."

मन्सूरला तिथंच पाठ फिरवावीशी वाटली. पण दोन वर्षं त्यानंच नांगरलेलं रान होतं ते. तो ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला गेला. काम गेलं, दोस्त गेला. आता याहून वाईट काही व्हायचं उरलं नाही, असं त्याला वाटलं.

दांडा म्हणजे पिल्लाचा जोर मोठ्या इंजिनाला जोडणारी लोखंडी कांब. दोरी चाकावरून पुरती सुटली की मगच तो ओढायचा. घाई झाली तर चाक उलटा झटका देई आणि दोरीसकट हात आत खेची. म्हणून दोरी ओढणाऱ्याचं मनगट शाबूत राहणं दांडेवाल्याच्या हाती असे. रोज सकाळी मन्सूर दोरी ओढायचा आणि ज्योतीराम त्याच्या पाठीमागे दांड्याला असायचा. मन्सूरनं एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं.

आज त्यानं दांड्यावर हात ठेवला.

ज्योतीरामनं टाकीचं झाकण फुंकलं, पेट्रोल सोडलं. चाकाला दोरीचे तीन वेढे दिले, तिचं टोक मनगटाला गुंडाळलं आणि पाय रोवले. मग मागे वळून पाहिलं.

मन्सूरचा हात जागच्या जागी होता.

ज्योतीरामनं दोरी ताणली. पुन्हा सैल सोडली. पुन्हा वळून पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता, आणि ऊन तर अजून खळ्यात उतरलंही नव्हतं.

"आरं, वड की! काय झालं?" आबाजी खेकसले.

ज्योतीराम मनगटाची दोरी सोडवू लागला. मन्सूरकडे न बघता, हळू आवाजात म्हणाला, "मालक, दांड्याला दुसरं कुनीतरी द्या."