पुठ्ठ्यातल्या चिमण्या

अरे, नुसतं ऐक. नाईलकाठच्या मठात बिशपचा हुकूम आला: येशूच्या चरित्राची शुभवर्तमानं चारच, बाकीच्या पोथ्या जाळा. बाळ येशूनं मातीच्या चिमण्या केल्या, टाळी वाजवून उडवल्या, ही गोष्ट चारांत कुठेच नाही! पोथ्या बांधणाऱ्या बेसाला ती जाळवेना. पुठ्ठा जाड करायला रद्दी चिकटवतातच, त्यानं नव्या शुभवर्तमानाच्या पुठ्ठ्यात तिचीच पानं चिकटवली. मठप्रमुख आपा हमाय रोज त्या पुठ्ठ्याचं चुंबन घ्यायचे, बेसाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता आपा मरायला टेकले. तीच पोथी छातीशी धरून रडले, “बेसा, चिमण्यांची गोष्ट आई सांगायची रे. मीच जाळायला लावली!” बेसा कानाशी कुजबुजला, “ती याच पुठ्ठ्यात आहे.” “मोठ्यानं बोल, गाढवा, ऐकू येत नाही!” अन् दारात बिशपचा माणूस! ओरडावं तर पोथी जाळात, गप्प बसावं तर आपा रडतच जाणार. तू काय केलं असतंस?