न्हाणीघराचा उतार

बादलीभर पाणी न्हाणीघराच्या नव्या फरशीवर पडलं आणि सगळं निमूटपणे दाराकडे निघालं. कोपऱ्यातल्या भोकाकडे एक थेंबही गेला नाही.

"अगं बाई!" धाकट्याची बायको रिकामी बादली घेऊन तशीच उभी राहिली. "दादा, उतार उलटा झालाय की!"

दादा, म्हणजे धाकट्याचा थोरला भाऊ, उंबऱ्याशी उकिडवा बसला होता. जन्मभर फरश्या बसवलेला माणूस. त्याच्या हातच्या फरशीवर कुठे पाणी तुंबलं, असं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. तो ओघळाकडे बघत राहिला.

"चुकलं," म्हणाला. "वय झालं आता. उखडावं लागेल."

सकाळपासूनची ही दुसरी अडचण. पहिली जाळीची. भोकावर बसवायची स्टीलची जाळी काल ओट्यावर होती, आज गायब. बायकोने डबे, पिशव्या, मुलीचं दप्तरसुद्धा पालथं घातलं. "या घरात माणसाने नाक काढून ठेवलं तर तेही सापडायचं नाही," ती चिडून म्हणाली. शेवटी दादाच म्हणाला होता, "जाळी मागाहून बघू. आधी पाणी तर सोड."

घराचं तेवढंच काम उरलं होतं. जाळी बसली की घर झालं.

धाकटा शाळेची बस चालवायचा आणि रविवारी घर बांधायचा. विटा त्याने वाहिल्या, माल बायकोने कालवला, भिंतींना पाणी मुलीने मारलं. पहिलीच भिंत वाकडी उठली. येणारेजाणारे हसून गेले, आणि त्यातल्याच कुणीतरी ते दादाच्या कानावर घातलं. वडील गेल्यावर दोघा भावांत एक शब्द वावगा गेला होता. त्या एका शब्दापायी पुढचे सगळे शब्द आटले होते. तरी त्या रविवारी दादा हत्यारांची पिशवी खांद्याला लावून आला. भिंतीला तळवा लावून पाहिला.

"पाड," म्हणाला.

इतक्या वर्षांतला तो पहिला शब्द. धाकट्याने भिंत पाडली आणि मनातल्या मनात हात जोडले. त्याला ना ओळंबा धरता येत होता, ना विटांचा थर. एवढी वाकडी भिंत बांधायची बुद्धी देवाशिवाय कोण देणार?

मग दादा दर रविवारी येत राहिला. बोलणं कामापुरतं. "माल दे." "दोरी ओढ." जेवणही बाहेर विटांच्या ढिगावर बसून. "अंगाला सिमेंट आहे," म्हणून आत कधी टेकला नाही. काम करताना मात्र वडिलांचं भजन गुणगुणायचा. लहानपणी त्यातली पहिली ओळ दादाची असायची, दुसरी धाकट्याची. दादा अजूनही पहिली ओळ म्हणून गप्प व्हायचा. दुसरीची जागा मोकळी सोडायचा. तेवढा वेळ नुसती थापी वाजायची. धाकटा ओळ न म्हणता पुढची वीट हातात द्यायचा.

खोल्या उभ्या राहिल्या, छत चढलं, दारं लागली. प्रत्येक काम उरकलं की बायको देवाला नमस्कार करायची. धाकटाही करायचा, पण त्याचं मागणं वेगळं. सगळं घर देवा तू दिलंस, तो म्हणायचा, आता ते संपल्यावर दादा कशाला येईल, तेवढं सांग.

इतका वेळ बायकोमागे उभा असलेला धाकटा आता वाकला. दादाच्या पिशवीतली पाणसळ काढून त्याने ओल्या फरशीवर टेकवली. काचेतला बुडबुडा भोकाच्या, म्हणजे चढाच्या, बाजूला सरकला. शेजारच्या फरशीवर ठेवली, तिथेही तेवढाच सरकला. कोपऱ्यात, मधोमध, दाराशी, कुठे केसभर कमी नाही, जास्त नाही. उतार अगदी सुरेख होता. फक्त उलट्या बाजूला होता.

चुकलेल्या हाताचं काम असं नसतं.

देवा, धाकट्याने मनात म्हटलं, तू तरी काय एकेक माणसं घडवतोस.

बायको पुसायला फडकी शोधत आत गेली. दादाने मान खाली घालून हातातलं फडकं पाण्यात बुडवलं, पिळलं आणि सवयीने पहिली ओळ गुणगुणली. गप्प झाला.

धाकट्याने दुसरी ओळ म्हटली. आवाज फाटला, सूर कुठल्या कुठे गेला, पण शेवटपर्यंत म्हटली.

दादाचे हात थांबले. "पुढच्या रविवारी येतो उखडायला," तो घाईघाईने म्हणाला.

"आणि ते काम संपल्यावर?"

फडक्यातलं पाणी केव्हाच निथळलं होतं, तरी दादा पिळतच राहिला.

धाकटा उठला. आत जाऊन पलंगाखाली हात घातला, काल आपणच तिथे लपवलेली जाळी बाहेर काढली, आणि आणून दादाच्या ओल्या तळहातावर ठेवली.